नावडत्या सोफ्यासमोर बसून रंग ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला, पाऊस ओसरला की कोल्हापुरात रंगकामाचा हंगाम सुरू होतो. त्याच सुमाराला आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीसाठी घर सजवण्याची पानं येतात. माझं पोट घरं रंगवण्यावर आहे, त्यामुळं ही पानं मी आवर्जून वाचतो. गिऱ्हाईकंही वाचतात. कात्रण जपून ठेवतात आणि मी माप घ्यायला गेलो की पुढं करतात, ‘मामा, हॉल अस्सा करायचा बघा.’ कात्रणात पांढऱ्या भिंती, करडा सोफा, कुंडीत मोठ्या पानांचं एक झाड, बाकी खोली मोकळी. आणि ज्या हॉलमध्ये उभा राहून मी ते बघत असतो, तिथं कोरीव लाकडी हातांचा मरून रेक्झिनचा सोफा असतो, काचेचं शोकेस असतं, खिडकीखाली दिवाण असतो आणि दिवाणावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात. यातलं काहीच हलणार नसतं. बदलणार असते ती फक्त भिंत. अशा खोलीला कुठला रंग लावावा, याबद्दल आपल्या पानावर एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तरी छापावं, ही विनंती.

नावडतं फर्निचर घरात राहतं त्याला नुसती पैशाची अडचण हे कारण नसतं. राजारामपुरीतल्या एका घरातल्या सूनबाईंनी मला सरळ सांगितलं, ‘लग्न होऊन आले त्या दिवसापासून हा सोफा मला आवडत नाही. पण सासूबाई त्याच्याच कोपऱ्यात बसून पोथी वाचतात. सोफा काढायचा विषय मी काढणार नाही. भिंत मात्र माझ्या मनासारखी पाहिजे.’ मला हे पूर्ण पटलं. कुणी कारखान्याच्या बोनसमधून घेतलेली वस्तू असते, कुणाच्या लग्नात माहेरहून आलेली असते. ती आवडत नाही आणि तिच्याबद्दल वाईट बोलवतही नाही. अशा वस्तूसोबत राहायचं ठरवलेल्या माणसाला ‘आधी ते फर्निचर काढा’ एवढंच सांगणं मला बरोबर वाटत नाही.

त्यात महापुराचाही भाग आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं. पाणी उतरल्यावर मी त्या भागात कामाला होतो. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांची टीव्ही युनिटं फुगून, कडा उकलून रस्त्याच्या कडेला पडली होती. सागवानी दिवाण आणि खुर्च्या लोकांनी धुतल्या, सावलीत वाळवल्या. सांधे सैल झाले, चपड्याचं पॉलिश पाण्यानं पांढरं पडलं, पण वस्तू परत उभ्या राहिल्या. त्यानंतर माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत ‘जुनं जड सामान’ काढायचं बोलणंच थांबलं. दिसायला आवडत नाही, तरी पुरातून वाचलेल्या लाकडाला घराबाहेर कोण काढणार?

आता रंगाचं बोलतो. वडीलही रंगारीच होते. चुन्याच्या काळात ते कालवलेल्या चुन्यात चिमूटभर नीळ घालायचे. चुन्याची पिवळट झाक निळीनं मरते आणि भिंत पांढरीशुभ्र दिसते, हे मी लहानपणापासून बघितलेलं. पुढं शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या तेव्हा ड्रॉइंगच्या सरांनी रंगचक्र काढून दाखवलं. लालच्या समोर हिरवा, निळ्याच्या समोर नारिंगी, पिवळ्याच्या समोर जांभळा. सरांनी तेव्हा जे सांगितलं त्यावर मी आजही काम करतो : समोरासमोरचे रंग एकमेकांत मिसळले तर एकमेकांना मारतात, पण तेच शेजारी ठेवले तर एकमेकांना चढवतात.

फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांची हकिगत सरांकडूनच ऐकलेली. १८२४ मध्ये ते पॅरिसच्या गोबलँ इथल्या शाही विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख झाले. तिथं चित्रांचे मोठमोठे पडदे विणत. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार होती. शेव्रल यांनी तपासलं तर धाग्याच्या रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळं काळ्याचा जोर मरत होता. यावरून त्यांनी शेजारच्या रंगांचा एकमेकांवर काय परिणाम होतो याचा नियम शोधला आणि १८३९ मध्ये तो सविस्तर छापला. कुठलाही रंग एकटा दिसत नाही, त्याच्या बाजूला काय आहे त्यावर तो ठरतो, हे त्या कारखान्यात सिद्ध झालं.

हे आपल्या हॉलला लावून बघा. मरून सोफ्यामागं कात्रणातला करडा लावला की करडा हिरवट दिसायला लागतो आणि सोफा होता त्यापेक्षा लाल. सागवानाचं जुनं पॉलिश वर्षानुवर्षं पिवळं-नारिंगी होत गेलेलं असतं. त्याच्यामागं आकाशी भिंत दिली की दिवाण आणखी नारिंगी. म्हणजे ज्या वस्तूकडं लक्ष जाऊ नये म्हणून पैसे खर्च केले, तिच्याकडंच पाहुण्याचं लक्ष आधी जातं. लोकांना वाटतं रंगाऱ्यानं शेड चुकीची आणली. शेड बरोबर असते. ती दुकानात सोफ्याशिवाय निवडलेली असते, एवढंच.

दुसरी गोष्ट यापेक्षाही महत्त्वाची, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. वस्तू डोळ्यांत भरते ती नुसत्या रंगामुळं नव्हे, तिच्या आणि भिंतीच्या उजेडातल्या फरकामुळं. गडद सोफा पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढं ठेवला की त्याची कड न् कड उठून दिसते, पाठीच्या नक्षीचा प्रत्येक वळसा मोजता येतो. तोच सोफा मध्यम गडद भिंतीपुढं शांत बसतो. काही कंपन्या प्रत्येक शेडच्या माहितीत ० ते १०० असा एक आकडा देतात, भिंत किती उजेड परत फेकते त्याचा. पांढरा ऐंशीच्या पुढं असतो, काळा शून्याजवळ. मरून किंवा चॉकलेटी सोफा फार खाली, दहाच्या आसपास बसतो. त्याच्यामागं ऐंशीची भिंत घेण्याऐवजी चाळीस-पन्नासची घ्या. खोली काळोखी होईल अशी भीती सगळ्यांना वाटते. पण एवढा गडद रंग सोफ्यामागच्या एकाच भिंतीला द्यायचा असतो. खिडकीसमोरची भिंत आणि छत उजळच ठेवायचं, म्हणजे उजेड घरभर फिरत राहतो.

हे शास्त्र कोल्हापूरला परकं नाही. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर सिनेमाकडं वळण्याआधी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. पडदा कितीही देखणा असला तरी नटाच्या मागं राहिला पाहिजे, नाहीतर प्रेक्षक नटाला बघणारच नाही. आपल्या हॉलमध्ये काम थोडं उलटं आहे. तिथं भिंत आणि सोफा दोघांनीही मागं राहायचं आणि बसलेली माणसं पुढं यायची.

तर राजारामपुरीतल्या त्या हॉलचं काय केलं ते सांगतो. पश्चिमेला गॅलरी, दुपारी चारनंतर तांबूस ऊन थेट आत. सूनबाईंना करडा पाहिजे होता. मी म्हटलं, करडा देतो, पण मातीचा करडा. ज्यात गेरूचा अंश आहे, असा. हातात घेतलं तर मातकट गुलाबी वाटेल आणि मरूनशेजारी धरलं की करडाच दिसेल. सोफ्यामागच्या भिंतीला तो घेतला आणि बाकी तीन भिंतींना त्याच कुळातला मोतिया. गॅलरीच्या पडद्याला बारीक मरून काठ लावायला सांगितला, दिवाणावर एक मरून उशी. सोफ्याचा रंग खोलीत आणखी दोन ठिकाणी थोडा थोडा दिसला की सोफा एकटा पडत नाही. बाकीच्या उशांना इचलकरंजीचं साधं सुती कापड घेतलं, बिस्किटी रंगाचं. संध्याकाळचं ऊन येतं तेव्हा ती भिंत आणि तो सोफा दोघंही एकदम उबदार होतात. सासूबाईंचा कोपरा जिथं होता तिथंच आहे.

शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या घरात वेगळी तऱ्हा होती. जाड भिंती, लहान खिडक्या, आणि नारिंगी झालेल्या पॉलिशचं शोकेस सहा फूट उंच. घरच्यांनी आकाशी ठरवलाच होता, डबे आणायचे बाकी होते. मी शेवाळी रंगाची पट्टी शोकेसला टेकवून धरली. पोपटी नव्हे, पिस्ताही नव्हे. वाळलेल्या कडुनिंबाच्या पानात जो पिवळसर हिरवा असतो, तो, दूध घातल्यासारखा फिका. पिवळ्याची झाक दोघांत सारखी असल्यामुळं लाकूड भडकलं नाही, उलट सागवानाचे रेषे दिसायला लागले. शोकेसच्या आतल्या पाठीला, काचेमागं, तोच रंग दिला. तोवर पांढऱ्या सनमायक्यापुढं ट्रॉफ्या आणि बाहुल्यांची गर्दी वाटायची, ती एकदम कमी झाली. एवढ्या कामाला पाव लिटरही रंग लागला नाही.

भिंतीत कायमचं ठोकलेलं काळं-लाल चकचकीत टीव्ही युनिट हा प्रकार उपनगरांतल्या फ्लॅटमध्ये फार आहे. ते काढलं तर भिंतीला भोकं आणि फरशीवर डाग. तिथं माझा सल्ला ठाम आहे : युनिटमागची पूर्ण भिंत कोळशासारख्या गडद तपकिरीत घ्या आणि लाल दारांना जमल्यास त्याच छटेचा मॅट सनमायका चिकटवून घ्या. टीव्ही, युनिट, वायरी सगळं त्या गडदात मिसळतं. सोनेरी टेक्श्चर किंवा स्टेन्सिलची फुलं लावून लक्ष दुसरीकडं वळवण्याचा उपाय मला पटत नाही. नावडती एक वस्तू होती, तिथं आता दोन होतात.

फरशी मात्र सगळेच विसरतात. फरशी हे खोलीतलं सगळ्यात मोठं फर्निचर आहे आणि ते बदलणं सगळ्यात अवघड. हिरव्या खड्यांचं मोझेक असेल तर भिंतीवरचा गुलाबी लालभडक होणार. जुना लाल कोबा असेल तर उन्हाच्या वेळी भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर लालसर छाया पडते आणि पांढरा रंग पांढरा राहत नाही. शहाबादी फरशी सगळ्यांत समजूतदार, कुठलाही मातकट रंग तिला चालतो.

उजेडाचं कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीची किरणं मूर्तीवर कुठपर्यंत पोचतात ते बघायला आपण दाटीवाटीनं उभे राहतो. सूर्य सरकतो तसा ऊन आत येण्याचा कोन बदलतो, हे आपल्या गावाइतकं कुणाला ठाऊक असणार? तेच घरालाही लागू. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलीत खोलवर येतं, मे महिन्यात जवळजवळ आत येतच नाही. उत्तरेच्या हॉलला थेट ऊन जवळजवळ नाहीच, तिथं थंड करडा किंवा निळसर पांढरा लावला तर पावसाळ्याचे चार महिने खोली उदास होते. अशा हॉलला चंदनी, बदामी, पिवडीची झाक असलेला रंग घ्यावा, मग फर्निचर कुठलंही असो.

दिव्याचंही तसंच. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० चा पांढराशुभ्र दिवा मरूनला जांभळट करतो, ३००० चा पिवळा दिवा मोतियाला लोण्यासारखा पिवळा करतो. स्वस्त एलईडीत तांबडा उजेड कमी असतो, त्यामुळं मरून सोफा आणि सागवान दोन्ही मेल्यासारखे तपकिरी दिसतात. कित्येक घरांत सोफा नावडायचं निम्मं कारण छतावरचा दिवा असतो, असं माझं स्पष्ट मत झालेलं आहे. ४००० च्या आसपासचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) नव्वदच्या पुढं छापलेला दिवा आधी लावून बघावा. रंगाच्या डब्याच्या मानानं तो फार स्वस्त पडतो.

आता रंग निवडायचा कसा. सोफ्याची गादी निघत असेल तर ती दुकानात घेऊन जा. नसेल निघत तर सोफ्याखालचं शिल्लक रेक्झिन किंवा शोकेसचं एखादं फळकूट न्या. दुकानातल्या ट्यूबखाली नाही, दाराबाहेर दिवसाउजेडी सावलीत शेजारी धरून बघा. दोन-तीन शेडचे लहान डबे आणा. भिंतीवर ठिपके मारू नका, कारण सभोवतालचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर, निदान दोन फूट बाय दोन फूट, दोन हात मारा आणि तो पुठ्ठा सोफ्याच्या पाठीला टेकवून ठेवा. सकाळी बघा, चार वाजता बघा, दिवे लावून बघा. घरातल्या सगळ्यांना त्याच जागी बसवून विचारा, विशेषतः ज्यांची ती वस्तू आहे त्यांना. आणि एक ध्यानात ठेवा, शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनापेक्षा भिंतीवर रंग बहुतेकदा अधिक भडक दिसतो. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात म्हणून. शंका असेल तर एक पायरी फिकी घ्या.

खर्चाची भीती बाळगू नका. दहा बाय बाराची एक भिंत म्हणजे १२० चौरस फूट. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये साधारण तेवढ्या भिंतीला एक हात होतो, म्हणजे दोन लिटरमध्ये सोफ्यामागची भिंत दोन हातांनी पुरी होते. पूर्ण घर काढायची ऐपत यंदा नसली तरी तेवढी एक भिंत घेता येते, आणि माझ्या अनुभवात हॉलमधला ऐंशी टक्के फरक त्या एका भिंतीनंच पडतो.

सागवानी वस्तूला ऑइल पेंट मारून पांढरं करायची जी टूम निघाली आहे तिच्याबद्दल एवढंच सांगतो की तो रंग परत काढताना लाकूड खरवडलं जातं. आधी भिंत बदलून बघा. लाकूड तेव्हाही नकोसं वाटलं तर जुनं पॉलिश घासून काढा आणि मॅट पॉलिश करून घ्या. पिवळेपणा बहुतेक पॉलिशचा असतो.

आणि घाई करू नका. यंदा पाऊस उशिरापर्यंत राहिला आहे, भिंती अजून ओल्या आहेत. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आत थेंब धरले तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नका. ओल्या भिंतीवर भरलेली लांबी पोपडे धरते आणि मग दोष रंगाला लागतो. पूर आलेल्या भागात खार वर आला असेल तर तो कोरड्या ब्रशनं झाडून, भिंत पुरती वाळवूनच पुढं जा. दिवाळीत नाही जमलं तर गुढीपाडव्याला करा.

संपादक महोदय, चित्रकार आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात रंगाबद्दल लिहायला चित्रं मुंबईच्या टॉवरमधून आणायची गरज नाही. आपण वाचकांना त्यांच्या हॉलचे फोटो पाठवायला सांगा. सोफा, शोकेस, दिवाण, फरशी जशी आहे तशी. त्यातले काही निवडून दर रविवारी एका खोलीवर लिहा. इथले रंगारी, सुतार, कलाशिक्षक मोकळेपणानं सांगतील, मीही सांगेन. फोटो मात्र दिवसा, दिवे बंद ठेवून आणि पडदे उघडून काढायला सांगावं. रात्रीच्या फोटोत मरून आणि चॉकलेटी यांतला फरकही कळत नाही.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक रंगकाम कारागीर
मंगळवार पेठ, कोल्हापूर